बॉनेटचा भांग

८ मार्च, रविवार

काकांच्या गाडीच्या बॉनेटवर आज मधोमध कागदी चिकटपट्टी लावली. डाव्या बाजूला महाग पॉलिश, उजव्या बाजूला बाजारात कुठेही मिळणारं साधं. दोन्ही काकांनीच लावलं, कारण रंगकामातला हात त्यांचा आहे. माझं काम मोजण्याचं. मी रंगांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. चकाकी मोजायचं यंत्र रविवारपुरतं घरी न्यायला आमच्या प्रमुख बाईंनी परवानगी दिली आहे. आजचे आकडे: डावी ८८, उजवी ८७. म्हणजे सुरुवातीला फरक नाही. पडला तर तो उन्हाने आणि धुळीने पडेल.

प्रश्न असा आहे. बस-बांधणीचा कारखाना बंद पडल्यावर काकांनी घराला लागूनच मोठ्या रस्त्यावर एक गाळा घेतला. गाड्या धुणं आणि पॉलिश; अजून सुरू व्हायचं आहे. महाग पॉलिशच्या कंपनीचा माणूस (धाकटी त्याला टायवाला म्हणते) त्यांच्या मागे लागला आहे की आमची एजन्सी घ्या. घेतली तर कारखान्याने हिशेब चुकता करताना दिलेली जवळजवळ सगळी रक्कम मालात अडकेल. एका बाटलीच्या किमतीत साध्या पॉलिशचे डझनभर डबे येतात. एप्रिलअखेर उत्तर द्यायचं आहे.

काका म्हणाले, "तू मोजून सांग. तू सांगशील तसं करू."

मी म्हटलं, "मी नाही, यंत्र सांगेल."

नोंद स्वच्छ असावी म्हणून: काका म्हणजे आईचे दुसरे नवरे. आईने लग्न केलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हा त्यांना काका म्हटलं, तेच पुढे राहिलं. धाकटी त्यांची. आमच्यात वाद नाही, तंटा नाही. नोकरी लागल्यापासून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळी राहते आणि महिन्यातून एकदा येते. आता सहा आठवडे दर रविवारी यावं लागणार आहे.

नियम सांगितले: गाडी गाळ्यासमोर उघड्यावर उभी राहील. शनिवारी साध्या पाण्याने धुवायची. एरवी बॉनेटला कोणी हात लावायचा नाही.

कॉलेजात जाणारी धाकटी बाहेर आली, बॉनेटकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, मधोमध भांग तर पाडलात. आता दोन वेण्या घाला."

१५ मार्च, रविवार

डावी ८७, उजवी ८६. अपेक्षेप्रमाणे.

काकांनी सकाळी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने विचारलं, "कुठे निघालात?" ते म्हणाले, "कुठे नाही. आज मोजमाप आहे ना."

१८ मार्च, बुधवार

दुपारी लॅबमध्ये काकांचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत, म्हणून हातातलं काम टाकून बाहेर जाऊन घेतला.

"रविवारी पाऊस आला तर मोजता येईल का गं?"

"आकाश कोरडं आहे, काका."

"नाही, समजा आला."

"गाडी आत घेऊन पुसली की मोजता येईल."

"म्हणजे तू येशील."

"हो."

"बरं बरं. कामात असशील. ठेवतो."

पद्धतीची त्यांना एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं.

२९ मार्च, रविवार

मागच्या रविवारी गेले नाही. कारखान्यात एका तुकडीच्या रंगात गुठळ्या झाल्या, दोन दिवस तिथेच गेले. शनिवारी तसं कळवलं होतं. त्या आठवड्याचा आकडा नाही.

आजचे आकडे: डावी ८६, उजवी ८७.

उजवी, म्हणजे साधी बाजू, दोन आठवड्यांपूर्वीपेक्षा चढली आहे. पॉलिश आपणहून चढत नसतं. प्रत्येक बाजूला नऊ ठिकाणी मोजलं, पुन्हा मोजलं. तेच.

जेवताना आई म्हणाली, "गेल्या रविवारी हे चार वाजेपर्यंत जेवायचे थांबले होते."

"मी येणार नाही म्हणून सांगितलं होतं की."

"सांगितलं होतंस गं," आई म्हणाली. "तरी."

माझी जुनी खोली आता धाकटीची अभ्यासाची खोली आहे. तिथे खिडकीजवळ एक नवीन टेबल आलं आहे, आणि त्यावर दिवा. धाकटी म्हणते ते तिचं नाही, तिचं जुनं भिंतीशी आहे. "बाबा म्हणाले ताईला आकडे लिहायला जागा नको का." मी आकडे गाडीशेजारी उभ्यानेच लिहिते. पण आज टेबलावर बसून लिहिले. उजेड चांगला आहे.

५ एप्रिल, रविवार

डावी ८५, उजवी ८७.

यंत्रात दोष असावा म्हणून आठवड्यात ते काळ्या काचेच्या प्रमाणपट्टीवर तपासून घेतलं. दोष नाही. दुसरी शक्यता उन्हाची: डाव्या बाजूला जास्त ऊन लागत असेल. पण गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी असते, आणि दुपारी शेजारच्या इमारतीची सावली दोन्ही बाजूंवर एकदमच येते. तीही शक्यता गेली. उरलं ते मला पटत नाही: डझनभर डब्यांच्या किमतीची बाटली एका डब्यापुढे हरते आहे.

मी हे लिहीत असताना टायवाला आला. उन्हात टाय, चकचकीत बूट. गाडीभोवती एक फेरी मारली.

"ह्या कोण?" त्याने काकांना विचारलं.

"माझी थोरली. रंगाच्या कारखान्यात सायंटिस्ट आहे."

मी सायंटिस्ट नाही, तपासनीस आहे. तशी दुरुस्ती केली. पहिल्या वाक्याबद्दल काही बोलले नाही. त्यात तांत्रिक चूक नव्हती.

"मॅडम, मोजायची गरजच काय," टायवाला म्हणाला. "ही नुसती बाटली नाही, ही गुंतवणूक आहे."

धाकटी आतून ओरडली, "व्याज कधी मिळतं मग?"

तो हसला. मग दोन पावलं मागे सरला, डोळे बारीक केले आणि उजवीकडे बोट दाखवून म्हणाला, "बघा, आमची बाजू दुरून ओळखू येते!"

काका एकदम खाली वाकून चाकातली हवा बघायला लागले. हवा व्यवस्थित होती. मी आधीच पाहिली होती.

१२ एप्रिल, रविवार

आज थराची जाडी मोजायचं यंत्रही पुन्हा नेलं. ते रंगाचा थर किती मायक्रॉन आहे ते सांगतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चाचणीच्या पहिल्या दिवशी सवयीने दोन्ही बाजूंची जाडीही घेऊन ठेवली होती. डाव्या बाजूची तेवढीच आहे. उजव्या बाजूची चार मायक्रॉनने कमी झाली आहे.

साध्या पॉलिशमध्ये अतिशय बारीक खरखरीत पूड असते. घासलं की ती वरच्या पारदर्शक थराचं किंचित साल काढते, म्हणून चमक येते. एकदा लावून चार मायक्रॉन जात नाहीत. त्यासाठी पुन्हा पुन्हा घासावं लागतं, हाताने, मऊ फडक्याने, भरपूर वेळ.

मग वायपरखाली पाहिलं. तिथे काचेच्या कडेला एक बोटभर पट्टी अशी आहे की वायपर उचलल्याशिवाय हात पोचत नाही. तिथल्या उजव्या बाजूची चकाकी: ७१.

म्हणजे साधं पॉलिश पाच आठवड्यांत ७१ वर येतं. बाकीची उजवी बाजू कोणीतरी रोज घासत आहे.

मी दोन्ही यंत्रं डब्यात भरली. काका गाळ्याच्या आत गिऱ्हाइकांसाठी बाक रंगवत होते. त्यांच्या खांद्यावर पिवळं फडकं होतं. मी जवळून गेले तर त्यांनी ते काढून पाठीमागे धरलं.

परत येताना बसमध्ये विचार केला. चूक माझीही आहे. कुठली बाजू कुठली हे लावणाऱ्याला कळू द्यायचं नसतं.

त्यांची ही खोड जुनी आहे. त्यांना दोन गोष्टींत फरक ठेवताच येत नाही. मी दहावीला असताना त्यांनी दोन कंपासपेट्या आणल्या होत्या, हुबेहूब सारख्या. धाकटी तेव्हा बालवाडीत होती. तिने तिच्या पेटीत मेलेलं फुलपाखरू ठेवलं. माझा वाढदिवस असला की तिलाही फ्रॉक, तिचा असला की मलाही. आई म्हणायची, अहो, हिला नवीन कपड्यांची गरज नाहीये. ते म्हणायचे, असू दे. मला तेव्हाही वाटायचं की हा माणूस फार विचार करून खरेदी करत नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

आईला फोन करून सांगितलं.

"मग आता निकाल काय?"

"खरा निकाल असा की महाग पॉलिश चांगलं आहे. हात न लावता ८४-८५ वर टिकलंय."

"म्हणजे हे ऐकलं की ते सगळे पैसे त्या टायवाल्याच्या घशात घालणार." मग आवाज खाली आणून, "सांगू नकोस ना. बरोबरी झाली म्हण. तुझ्या यंत्राने तेच दाखवलं ना?"

"यंत्राने घासलेलं बॉनेट दाखवलं."

"घासलंय कोणी? त्यांनीच ना? मग त्यांचं त्यांना."

"आई, ते माझ्या आकड्यांवर विसंबून आहेत."

"ते तुझ्या आकड्यांवर विसंबून नाहीत, बाई," आई म्हणाली. "तुला सगळं मोजता येतं, पण..." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून तिने फोन ठेवला.

वाक्य अर्धं राहिलं. मी पूर्ण करून पाहिलं, जमलं नाही.

१९ एप्रिल, रविवार

शेवटचं मोजमाप. डावी ८४, उजवी ८६, वायपरखाली ६९.

काकांना गाडीशेजारी बोलावलं. वायपर उचलून पट्टी दाखवली. म्हटलं, "काका, उजवी बाजू तुम्ही घासत होतात."

ते पट्टीकडे बघत राहिले. "इथे राहिलंच की," असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "रोज नाही."

"चार मायक्रॉन गेलेत."

"बरं. मग रोज."

"का पण?"

"तू जायचीस तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच असायच्या. सोमवार-मंगळवार झाला की डावी हसतेय आणि उजवीचं तोंड उतरलंय. सकाळी शटर उघडलं की समोर तीच. बघवायचं नाही."

"ती गाडी आहे."

"हो ना. म्हणून तर तिला तोंडाने सांगता येत नाही."

मी जरा चढ्या आवाजात बोलले. चाचणीचा अर्थच हा असतो, दोन बाजूंना वेगळं वागवायचं आणि काय होतं ते बघायचं. तुमची आयुष्यभराची कमाई ह्या आकड्यांवर ठरणार होती. तुम्ही स्वतःच्या हाताने त्याची माती केलीत.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मला ते येत नाही गं, एकीला एक आणि दुसरीला दुसरं. आजवर कधी केलं नाही. आता ह्या वयात कुठे शिकू?"

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी तसं म्हणणार होते, पण धाकटी दारात उभी होती आणि विचित्र नजरेने माझ्याकडे बघत होती, जणू मलाच काही कळलेलं नाही.

मग त्यांना सगळं सांगितलं. महाग पॉलिश खरंच टिकतं, ते लावलेल्या गाडीला कित्येक आठवडे हात लावावा लागत नाही. साधं पॉलिशही तितकंच चमकतं, पण त्यामागे रोज कोणीतरी उभं राहावं लागतं, आणि वर्षानुवर्षं तसं घासलं तर रंग पातळ होतो. ज्याला वेळ नाही त्याला बाटली परवडते. ज्याला वेळ आहे त्याने डबा घ्यावा, हात हलका ठेवावा.

"मग एजन्सी घ्यायची?"

"तो निर्णय माझ्या आकड्यांत बसत नाही. करार दाखवा."

करार वाचला. आठव्या कलमात लिहिलं आहे की गाळ्यात दुसरं कुठलंही पॉलिश ठेवायचं नाही, वापरायचं नाही, दिसता कामा नये.

"म्हणजे साधं मागणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं?" काकांनी विचारलं.

"हो."

ते खाली बसले, बाकाला सकाळीच दिलेल्या दुसऱ्या हाताच्या ओल्या रंगावर. पँटला हिरवा पट्टा आला. आई पँटवरून ओरडली नाही, म्हणजे तिलाही कळलं की त्यांचं काय चाललंय.

अहवालाच्या शेवटी मी लिहिलं: चाचणी बाद. कारण: मानवी हस्तक्षेप.

२५ एप्रिल, शनिवार

टायवाला आज उत्तर न्यायला येणार होता. मी अर्धी रजा काढून गेले. काकांनी तसं सांगितलं नव्हतं.

काकांनी त्याला नव्या बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "साहेब, तुमचं पॉलिश उत्तम आहे. आमच्या थोरलीने मोजून सिद्ध केलंय."

टायवाल्याचा चेहरा फुलला. त्याने पेन काढलं.

"पण आम्हाला एजन्सी नको."

पेन तसंच राहिलं. "उत्तम आहे म्हणता, मग?"

"साधं मागणारा आला तर मी त्याला हाकलणार नाही. दोन्ही ठेवू देत असाल तर बोला."

"कंपनी परवानगी देत नाही, साहेब. समोरच्या गाळ्याला देऊन टाकतो मग, ते तयार आहेत." तो उठला. काकाही उठले, त्याला दारापर्यंत पोचवायला. आई मोरीत बादली आदळत होती. तिला पैसे राहावेत असं वाटत होतं, पण समोरच्या गाळ्याचं नाव निघाल्यावर तिचाही रंग उतरला होता. समोर मोठी पाटी लागली तर इकडे कोण वळणार?

मी विचारलं, "तुमच्या कंपनीकडे जुन्या रंगावरचे आकडे आहेत का?"

टायवाला थांबला. "म्हणजे?"

"तुमच्या माहितीपत्रकातले सगळे आकडे नव्या पत्र्यावरचे, प्रयोगशाळेतले आहेत. रस्त्यावरच्या गाड्या जुन्या असतात. माझ्याकडे बारा वर्षं जुन्या रंगावरचं, उन्हातलं, सहा आठवड्यांचं डाव्या बाजूचं मोजमाप आहे. ती बाजू कोणी हाताळलेली नाही. उजवीचं बाद आहे. पण साध्या पॉलिशशी नीट तुलना मी पुन्हा करून देऊ शकते, लेखी, सहीनिशी. त्यासाठी दोन्ही पॉलिश एकाच गाळ्यात असावी लागतील."

"किती दिवस?"

"तीन महिने. तोवर आठवं कलम लागू नाही, आणि माल थोडा थोडा, खपेल तसा."

त्याने बाहेर जाऊन फोन केला. बराच वेळ येरझाऱ्या घातल्या. परत आला तेव्हा टाय सैल केला होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही विक्रीत असायला हव्या होत्या." तीन महिने मिळाले. करारात तशी ओळ हाताने घातली, दोघांच्या सह्या झाल्या.

तो गेल्यावर काका मला म्हणाले, "अर्धी रजा वाया गेली तुझी."

मी म्हटलं, "शिल्लक होती."

३ मे, रविवार

गाळा चालू झाला. पहिल्या आठवड्यात अकरा गाड्या. सातांना साधं, चारांना बाटलीतलं. काका प्रत्येकाला दोन्ही समजावून सांगतात, मग गिऱ्हाईक ठरवतं. त्यात वेळ फार जातो, तसं मी सांगितलं. ते हो म्हणाले आणि पुढच्याला पहिल्यापासून सांगायला लागले.

नवी चाचणी बॉनेटवर नको, रोज नजरेसमोर येतं. गाडीच्या टपावर घेतली. पट्टी मधोमध, दोन्ही पॉलिश ह्या वेळी मी लावली. काकांना कुठली बाजू कुठली ते सांगितलं नाही.

"हात लावणार नाही," ते म्हणाले. "बघणारसुद्धा नाही."

धाकटी म्हणाली, "बाबांना टपावरच्या केसांचं दुःख नाही. त्यांच्याच टपावर काही उरलेलं नाही."

१७ मे, रविवार

आजचे आकडे: एक बाजू ८८, दुसरी ८७. अगदी पहिल्या दिवशीचे. मागच्या रविवारीही हेच होते, तेव्हा मी थोडे दिवस झालेत म्हणून सोडून दिलं. जाडी मोजली: एक मायक्रॉनही गेलेला नाही. म्हणजे घासलेलं नाही. दोन आठवडे उघड्यावर उभी असलेली गाडी दोन्ही बाजूंनी एक दिवसही म्हातारी झालेली नाही.

मी तिसऱ्यांदा मोजत होते तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, चादर घातल्यावर ऊन लागत नसतं."

"कसली चादर?"

गाळ्याच्या कोपऱ्यात फळीवर एक जुनी निळी चादर होती. काका रोज सकाळी आल्या आल्या ती टपावर घालतात, चारी टोकं दारात अडकवतात. शनिवारी धुतात तेही डोळे मिटून, धाकटीच्या म्हणण्याप्रमाणे. रविवारी मी यायच्या आधी चादर काढतात.

"दिसलं की हात जातो," काका म्हणाले. "म्हणून झाकलं. तू म्हणालीस हात लावायचा नाही. नाही लावला."

खरं होतं ते. हात लावलेला नव्हता.

मी यंत्र डब्यात ठेवलं. मला हसू आलं, आणि ते थांबवता आलं नाही. टपावर डोकं टेकून हसले. आई बाहेर आली, तिला वाटलं काही झालं. काका गोंधळून माझ्याकडे बघत होते, मग तेही हसायला लागले, का ते बहुधा त्यांना माहीत नसावं.

टायवाल्याला फोन करून निकाल उशिरा मिळेल असं कळवलं. पट्टी काढली, दोन्ही बाजू धुतल्या, पुन्हा पॉलिश लावलं. हात भरून आले. काका शेजारी उभे राहून कपडा पिळून देत होते.

"म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून?" आईने विचारलं. "अजून सहा आठवडे?"

"आठ लागतील," मी म्हटलं. "ऊन कमी होत जाईल, म्हणून. दर रविवारी यावं लागेल."

कारण तांत्रिक आहे.

काका चादरीची घडी घालत होते. घडी नीट बसली होती. ती मोडून त्यांनी पुन्हा घालायला घेतली.